गावपळणीतल्या उपाशी कुर्ल्या

मथुराकाकी एका जागी शांत बसली होती असं कुणी मला सांगितलं, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. लग्न होऊन मी आचऱ्यात आले तेव्हापासून तिच्या आणि माझ्या परड्यात एक दगडी गडगा काय तो आडवा आहे. सकाळी मी चहा ठेवते तेव्हा ती खाजणातून परत येत असते, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बादली. "बस गो काकी, चाय घी," म्हटलं की ती उभ्याउभ्याच बशीत ओतून पिते, कप गडग्यावर ठेवते आणि चालती होते. मग तो कप मांजर पाडतं. माझे बरेच कप असे गेले. मी काही बोलत नाही, पण राग आहे तो आहेच.

खाजणात तिच्या कुर्ल्या असतात. घाटावर ज्याला खेकडा म्हणतात ती आमची कुर्ली. खाडीच्या काठाला जिथे कांदळाची झाडं चिखलात पाय रोवून उभी आहेत, तिथे तिने बांबू ठोकून जाळ्याचं कुंपण केलं आहे. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला जातं, कुर्ल्या तेवढ्या आत राहतात. पोकळ कुर्ली आणायची, रोज खाऊ घालायची, मांसाने भरली की विकायची, असा हा उद्योग. ऐकायला सोपा वाटतो. मी एकदा हौसेने मदतीला गेले आणि बोटाला नांगी लागून परत आले, तेव्हापासून मी लांबूनच बघते.

कुर्लीचं एक अवघड असतं. तिला वाढायचं तर जुनं कवच टाकावं लागतं. टाकलं की पुढचे काही दिवस ती लोण्यासारखी मऊ असते. नांगी असते पण नांगीत जोर नसतो. अशा वेळी शेजारची कुर्ली भुकेली असली, तर ती हिला सरळ खाते. दोघी एकाच चिखलात राहणाऱ्या, कालपर्यंत काकीने आत पुरलेल्या एकाच मडक्याच्या आडोशाला बसणाऱ्या, तरी खाते. म्हणून मथुराकाकी रोज संध्याकाळी न चुकता बाजारात उरलेली बारीक मासळी, मुंडकी, आतडी बादलीत भरून नेते. पोट भरलेली कुर्ली शेजारणीकडे बघत नाही, एवढंच तिचं शास्त्र. पाऊस असो, ताप असो, लेकीच्या लग्नाची हळद असो, कुर्ल्यांचं जेवण चुकलेलं मला आठवत नाही. अपेक्षाच्या हळदीला तर ती हळदीच्या हातानेच बादली घेऊन गेली आणि पिवळे डाग पडलेली मुंडकी कुर्ल्यांनी खाल्ली.

हा उद्योग तिने हौसेने धरलेला नाही. तिचा नवरा सहदेव घरच्या होडीवर मासे मारायचा. मी लग्न होऊन यायच्या आधीच तो काविळीने गेला. त्याच्या तेराव्याचं जेवण झालं, केळीची पानं उचलली गेली, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या दिराने, गणपतने, होडी सोडून आपल्या दारासमोरच्या माडाला बांधली. जाळीही नेली. होडी सासऱ्याच्या नावावर होती, तेव्हा कायद्याने काय ते बरोबर असेल. गावात कुणी काही बोललं नाही, आणि आश्चर्य म्हणजे मथुराकाकीही बोलली नाही. पाळण्यातून नुकती उतरलेली अपेक्षा माझ्या सासूबाईंकडे ठेवून ती लोखंडी आकडी घेऊन ओहोटीच्या चिखलात उतरली आणि बिळातल्या कुर्ल्या काढायला लागली. कुंपण पुष्कळ नंतरचं. गणपतशी ती भांडली नाही, पण त्याच्याकडे काही मागितलंही नाही. त्याच्या समोरून जाताना ती भिंतीसमोरून गेल्यासारखी जायची. अपेक्षाला कट्टा गावात दिली त्या लग्नात काका म्हणून त्याने अक्षता टाकल्या. काकीने त्याच्या पानात वाढलं, पण नजर वर केली नाही.

तर यंदा गावपळण आली.

आमच्या गावाची ही जुनी रीत. काही वर्षांनी देवाचा कौल होतो, देवळात नगारा वाजतो आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, झाडून सगळी. घरांना कुलपं, दुकानं बंद, चुली थंड. त्या दिवसांत गावात पाऊल टाकायचं नाही. का, ते मला विचारू नका. माझ्या सासूबाई सांगतात की तेव्हा गाव त्यांचा असतो, आणि ते कोण हे विचारलं की चिमटा काढतात. आम्हा बायकांना खरं सांगायचं तर गावपळण आवडते. वेशीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या घालायच्या, फुगड्या घालायच्या, नवऱ्यांना पाणी आणायला लावायचं आणि दिवसभर खायचं. गावाबाहेर नेलेल्या कोंबड्यांपैकी परत गावात येतात त्या थोड्याच.

कौल झाल्याचं कळलं तेव्हा मथुराकाकी गडग्याजवळ उभी होती. तिच्या कुंपणातल्या निम्म्याहून जास्त कुर्ल्या तेव्हा नुकत्या कवच टाकलेल्या होत्या.

"तीन दिस उपाशी," ती म्हणाली. "खावन टाकतले एकमेकांक."

मी म्हटलं, "नांग्यो बांध आणि पोत्यात भरून घेवन चल. बाजारात नाय काय तशेच येतत?"

"घट कुर्ली बांधतत गो. मऊ कुर्लीक दोरी आवळलंय तर दोरी आत जाता."

"मगे तीन दिसांचा एकदम घालून ठेव."

"उरलेला कुसता. कुसक्या पाण्यात त्यो आधीच मरतत." आणि ती माझा चहा न पिताच गेली. निघायच्या दिवशी सगळा गाव गाठोडी बांधत असताना ही खाजणात होती. मी हाका मारून मारून घसा बसवून घेतला. शेवटी आली ती चिखलासकट, आणि घराला कुलूप घालायला विसरली. ते मी घातलं.

माळावर पहिल्या दिवशीच तिने मला छळायला सुरुवात केली. राहुटीत तिचा आणि आमचा संसार शेजारी होता. मी माशांचं सार करत होते, तोवर ती तीनदा उठून खाडीकडे तोंड करून उभी राहिली. माळाच्या टोकावरून खाडीचं पाणी दिसतं, पण तिचं कुंपण कांदळाच्या मागे आहे. काही दिसत नव्हतं तरी ती बघत होती. जेवायला बसवली तर दोन घास चिवडले.

"काकी, जेव गो. सुरमय आसा."

"तेंका काय आसा?" ती म्हणाली.

दुपारी ती बादली घेऊन राहुट्या-राहुट्यांतून फिरायला लागली. माशांची मुंडकी, कल्ले, आतडी, कोंबडीची पिसं सोडून बाकी जे काय असेल ते, सगळं मागून आणायची. त्याला मीठ लावायची आणि झाकण ठेवायची. नेणार कसं, याचा तिला पत्ता नव्हता. तरी गोळा करत होती. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बादलीने आमची राहुटी अशी काही घमघमायला लागली की माझ्या नवऱ्याने अंथरूण उचललं आणि भजनवाल्यांच्यात जाऊन झोपला. लोक थट्टा करायला लागले. "मथुरा, पावणे कोण येतले जेवूक?" जो थट्टा करेल त्याच्यापुढे काकी बादली धरायची, आणि तो बिचारा आपल्या पानातला काटा तिच्यात टाकायचा.

माझी लेक रिया परीक्षा जवळ आली म्हणून पुस्तक घेऊन आली होती. मोठ्याने वाचत होती, गवताला नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, सापाला गरुड. वनस्पती सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न स्वतः बनवतात, प्राण्यांना ते जमत नाही, त्यांना दुसऱ्या जिवांना खाऊनच ऊर्जा मिळवावी लागते. मथुराकाकी बादलीचं झाकण बसवत ऐकत होती.

"झाडाचा बरा," ती म्हणाली. "उनात उभा रवला की पोट भरला. कोणाच्या दारात जावक नको." मग रियाला विचारलं, "त्या पुस्तकात कोण उपाशी आसा ता लिवलेला नाय काय?"

रियाने पान उलटून बघितलं आणि नाही म्हणाली. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं, कारण काकीचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. खरंच सांगते, मला तेव्हा तिचा वैताग आला होता. सगळा गाव मजा करतोय, आणि ही बाई पायात काटा गेल्यासारखी फिरतेय. चार कुर्ल्यांसाठी एवढं काय, असं माझ्या मनात आलं. तोंडावर आणलं नाही, एवढंच.

तीन रात्री झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवाला परत यायचा कौल विचारायला गेले. आम्ही गाठोडी बांधून बसलो होतो. मथुराकाकी तर बादली हातात घेऊन पायवाटेच्या तोंडाशीच उभी होती. मानकरी आले आणि म्हणाले, कौल होत नाही. देव अजून सोडत नाही. आजचा दिवस राहा, उद्या परत विचारू.

पोरांनी नाचून घेतलं. बायकांनी गाठोडी सोडली. मथुराकाकीच्या हातातली बादली खाली आली, पण ती पायवाटेच्या तोंडाशीच उभी राहिली. मी हात धरून ओढलं तरी तिथून हलेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की ही नाटक करत नाहीये. हिच्या ताब्यातले जीव उपाशी आहेत, आणि उपाशी जीव काय करतात ते ही आत कुठेतरी फार नीट जाणून आहे. मला स्वतःची लाज वाटली.

ती तडक बाबलीआजोंकडे गेली. ते देवळाच्या बारापाच मानकऱ्यांतले सगळ्यात म्हातारे, त्यांचा शब्द शेवटचा. मी मागोमाग धावले.

"आजा," ती म्हणाली, "खाडी कोणाची? गावची?"

बाबलीआजोंनी तंबाखू चोळता चोळता तिच्याकडे बघितलं. तिच्या बादलीकडे बघितलं.

"खाडी गावची नाय," ते म्हणाले. "दर्याची. दर्याक पळण नाय. पाण्यावरसून जा. पण पाय चिखलाक लागता नये, आणि गावात कोणाक हाक मारूची नाय."

मला वाटलं सुटलो. पण काकी होती तिथेच उभी राहिली, आणि मग मलाही कळलं. पाण्यावरून जायचं तर होडी हवी. गावच्या होड्या पळणीआधी माळाच्या बाजूच्या काठाला आणून ठेवल्या होत्या, पण मोठ्या सगळ्या ओहोटीत चिखलात बसल्या होत्या, भरती पुरी चढेपर्यंत हलणाऱ्या नव्हत्या. भरती पुरी चढली की परत उतरायला लागते, तेवढ्यात कांदळातून आत जाऊन बाहेर यायला लहान, हलकी होडीच लागते. तशी एकच होती. निळ्या रंगाची. सहदेवची.

गणपत आपल्या राहुटीपुढे जाळं शिवत बसला होता. आम्हाला येताना बघून त्याने सुई थांबवली. आजूबाजूच्या राहुट्यांतून माना वर झाल्या. इतकी वर्षं या दोघांना एकमेकांशी बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"गणपत," काकी म्हणाली. "होडी होयी."

विनवणी नव्हती, हुकूमही नव्हता. पण ते शब्द तोंडातून काढताना तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, ते मी शेजारून बघत होते. गणपत उठला. जाळं बाजूला केलं. "चल वयनी," एवढंच म्हणाला आणि काठाकडे चालायला लागला.

मीही होडीत बसले. तिला एकटीला त्याच्याबरोबर सोडावं असं मला वाटेना. माझ्या सासूबाई माळावरून ओरडत होत्या, पण मी ऐकलं नाही असं दाखवलं.

भरती चढत होती. गणपत वल्हवत होता, काकी पुढच्या टोकाला बादली मांडीशी धरून होती. खाडीतून आपला गाव असा मी कधी बघितला नव्हता. एकाही कौलारातून धूर नाही. कुत्रं भुंकत नाही. माणसं नाहीत म्हणून घारी माडांच्या अगदी खाली उतरल्या होत्या. कुणाच्या तरी अंगणात राहून गेलेल्या सुकटीच्या टोपल्यावर कावळ्यांची झुंबड उडाली होती. आम्ही नसलो म्हणून कुणाचं पोट थांबलं नव्हतं. मला उगाच वाटलं की ते सगळे आमच्याकडे बघतायत, आणि मी पदर घट्ट ओढून घेतला.

कांदळाच्या आत शिरलो. कुंपणाच्या खांबावर एक बगळा बसला होता तो उडाला. काकी ओणवी झाली आणि पाण्यावर तरंगणारं एक कवच उचललं. उलटसुलट करून बघितलं, मागून उघडलेलं, पण अख्खं.

"ह्यां टाकलेला," ती म्हणाली.

मग दुसरं उचललं. ते मधोमध फुटलेलं होतं, आत चिंध्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. "ह्यां खाल्लेला." मग तिसरं. खाल्लेलं. मग एक सुटी नांगी. मग परत खाल्लेलं. ती उचलत होती आणि होडीत ठेवत होती, आणि थांबत नव्हती. माझ्या पायाशी ढीग झाला. मी पाय आखडून घेतले.

शेवटी तिने बादलीचं झाकण काढलं आणि मुंडकी मुठीमुठीने पाण्यात सोडायला लागली. थोडा वेळ काही हललं नाही. मग चिखल ढवळला. एक आली, मोठी, काळपट, भक्कम. मग दुसरी. मग कडेच्या मडक्यातून एक लहान, भीतभीत. उरल्या होत्या. पुष्कळ गेल्या होत्या, पण उरल्या होत्या.

"खा गो बायांनो," काकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण हात माशांचे होते. "तुमचो काय दोष. मी उपाशी ठेवलंय तुमका."

गणपतने वल्हं आडवं धरून होडी स्थिर ठेवली होती. तो त्या फुटक्या कवचांकडे बघत होता.

"वयनी," तो म्हणाला. "तेव्हा माझी पोरां लहान होती. घरात खावक नाय होता."

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. काकीने शेवटची मूठ पाण्यात सोडली. बादली खाडीत बुडवून विसळली. मग त्याच्याकडे बघितलं, मी कधी बघितलं नव्हतं इतकं सरळ.

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "भूक होती म्हणान मी तुका कधी वायट म्हणूक नाय. भूक सगळ्यांक आसता. पण गणपत, तेव्हा मी मऊ होतंय. तेराव्याची पानां उचलून एक रात झाली होती. जरा थांबलं असतंस तर माझी पाठ घट झाली असती. मगे इलं असतंस होडी सोडूक, तर मी पण नांगी मारली असती. तू थांबूक नाय."

वरून एक घार गेली, तिची सावली पाण्यावरून सरकली आणि कुर्ल्या क्षणभर चिखलात दडल्या. परत वर आल्या आणि खायला लागल्या. मी होडीच्या कडेला घट्ट धरून बसले होते, आणि मला तिथून नाहीसं व्हायचं होतं.

पाणी उतरायला लागलं. निघायला हवं होतं.

"फाल्या पण कौल झालो नाय तर," गणपत खाली बघत उद्या होडी आणायचं बोलला, "मी हाडतंय होडी. भरतेक."

"हाड," काकी म्हणाली. "आणि झालो तरी हाड."

मग ती होडीच्या मधोमध आली, होडी डुलली, मी किंचाळायच्या बेतात होते. तिने त्याच्यापुढे हात केला. "वल्ह्यां हंय दी."

त्याने दिली. सहदेव असताना ती याच होडीवर त्याच्याबरोबर जायची हे मी ऐकलं होतं, पण तिला वल्हवताना बघितलं नव्हतं. पहिले दोन-चार हात चुकले, होडी कांदळात शिरली, माझ्या केसांत काटक्या अडकल्या. मग तिला ते सापडलं. गणपत मागच्या टोकाला त्या फुटक्या कवचांशेजारी पाय पोटाशी घेऊन बसला होता. दोनदा त्याने वल्ह्यांसाठी हात पुढे केला. पार माळाच्या काठाला लागेपर्यंत तिने ती त्याला परत दिली नाहीत.